मुंबई उपनगरांतील कामगारांचे आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय मानके : घाटकोपरच्या धुळीचा इतिहास

कारखान्यांतील सुरक्षिततेचा इतिहास बहुधा कायद्यांच्या कालानुक्रमाने सांगितला जातो. अमुक साली अमुक कायदा झाला, तमुक साली त्यात दुरुस्ती झाली, कामाचे तास घटले, संरक्षण वाढले, असे त्याचे स्वरूप असते. ही पद्धत सोयीची असली तरी तीत एक उणीव राहते. कायदा असो वा मानक असो, त्याला काहीतरी मोजावे लागते. आणि जे मोजले जाते तेवढेच त्याच्या दृष्टीने अस्तित्वात असते. माणसे किती, तास किती, जखमा किती, हे मोजता येते. परंतु जो रोग कारखान्यात जडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी, पुष्कळदा कामगाराचे नाव हजेरीपटावरून गेल्यानंतर, उघडकीस येतो, तो कोणत्या रकान्यात मांडावयाचा? मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः घाटकोपर-मुलुंडच्या औद्योगिक पट्ट्यात, हा प्रश्न ॲस्बेस्टॉसच्या धुळीने उपस्थित केला. जिनिव्हा येथे आखलेली मानके या पट्ट्यापर्यंत कशी पोचली आणि पोचल्यावर त्यांचे काय झाले, हे त्या धुळीच्या मागोव्याने पाहणे उद्बोधक ठरते.

आरंभी मोजमाप होते ते माणसांच्या संख्येचे. मुंबई सरकारने १८७५ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगानंतर सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली कायद्याचा मसुदा तयार केला, आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. १८९१ मध्ये हा आकडा पन्नासावर आला, १९२२ मध्ये वीसावर, आणि १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता दहावर. जवळजवळ सत्तर वर्षे हा आकडा सतत खाली येत गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे त्याची दिशा पालटली.

याच काळात कामगारांच्या बाजूने झालेली एक मागणी मात्र संख्येविषयीची नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती, ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच अर्जात असेही म्हटले होते की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी. इजेचा हिशेब कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही, तो माणसाच्या उरलेल्या आयुष्यापर्यंत जातो, ही कल्पना या मागणीत आहे. सरकारी कायद्यात ती उतरावयास आणखी एकोणचाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला.

दरम्यान १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. हिंदुस्थान स्वतंत्र नसतानाही तिचा मूळ सभासद होता. वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेस नारायण मल्हार जोशी हे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. तेथे झालेल्या पहिल्याच कराराने जगातील उद्योगांसाठी दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले. तथापि त्याच कराराच्या दहाव्या कलमाने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी आठवड्याचे साठ तास पुरेसे मानले, आणि तेही मुख्यतः त्या वेळी कारखाना कायद्याखाली येणाऱ्या उद्योगांपुरते. हिंदुस्थानाने १९२१ मध्ये या कराराला मान्यता दिली व १९२२ चा कायदा त्याला अनुसरून झाला. आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे सर्वांना एकच माप, ही समजूत पहिल्याच पावलाला खरी ठरली नाही. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा येथे यावयास १९४६ ची दुरुस्ती व्हावी लागली. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते.

रोगांच्या बाबतीत गती याहूनही मंद होती. १९२५ च्या करारात व्यवसायजन्य रोग म्हणून तीनच गोष्टींचा समावेश होता : शिसे, पारा व अँथ्रॅक्स. १९३४ मध्ये ही यादी वाढून तीत सिलिकोसिस आला. त्या वाढीव करारास भारताची मान्यता मिळाली ती १९६४ साली. ॲस्बेस्टॉसचे नाव दोन्ही याद्यांत नव्हते. ज्ञान नव्हते म्हणून नाव नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केरशॉ हिच्या मृत्यूची वैद्यकीय हकीकत १९२४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. १९३० साली कारखाना खात्याचे वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर व अभियंता-निरीक्षक प्राइस यांनी ३६३ ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तपासणीचा अहवाल दिला. त्यांपैकी ९५ जणांना, म्हणजे शेकडा सव्वीसांहून थोड्या अधिकांना, फुप्फुसांचा तंतुमय विकार जडला होता. आणि सेवेची वर्षे जसजशी वाढत तसतसे हे प्रमाण चढत जाई. १९३१ मध्ये ब्रिटनने धूळ शोषून घेणाऱ्या यंत्रणेचे व वैद्यकीय तपासणीचे नियम केले. त्यांचा अंमल ब्रिटनच्या भूमीपुरता होता.

भांडवलाला ती मर्यादा नव्हती. टर्नर अँड न्यूअल या ब्रिटिश कंपनीने १९३४ मध्ये हिंदुस्थानात ॲस्बेस्टॉस-सिमेंटची कंपनी स्थापन केली. मुलुंड येथील पत्र्यांचा कारखाना त्याच परिवारातला. ब्रेक लायनिंग बनविणारी फेरोडो ही विलायती कंपनीही १९२० नंतरच्या दशकात टर्नर अँड न्यूअलच्या ताब्यात गेली होती, आणि पुढे घाटकोपर येथे आग्रा रोडवर हिंदुस्थान फेरोडो या नावाने तिची शाखा नांदू लागली. जिच्या घरच्या कारखान्यांवर १९३१ पासून धुळीचे निर्बंध होते, त्याच कंपनीच्या परिवारात मुंबईच्या वेशीवर हे कारखाने चालत होते, एवढी गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे.

वेशीवर हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. १९५० पर्यंत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सर्व ठिकाणे मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरचा भाग आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले. स्वस्त जमीन, शेजारून जाणारा लोहमार्ग, आणि नाशिककडे जाणारा आग्रा रोड यांमुळे पूर्व उपनगरांत रासायनिक, औषधी, अभियांत्रिकी व मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. पश्चिमेकडे, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मरोळची वसाहत आणि १९७३ चे सीप्झ निर्यातक्षेत्र यांनी अंधेरीचे रूप पालटले. गिरणगावाच्या मानाने हा कामगारवर्ग विखुरलेला होता. एका चिमणीखाली हजारो माणसे, असे येथे क्वचितच दिसे.

ब्रेक लायनिंगचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाही. ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. त्याचे तंतू मोकळे करून पिंजावयाचे, सूत काढून विणावयाचे, किंवा तंतू राळेत व इतर द्रव्यांत मिसळून साच्यात दाबावयाचे, उष्णता देऊन पक्के करावयाचे, आणि शेवटी घासून व भोके पाडून मापात आणावयाचे. पिंजणे, मिसळणे आणि घासणे या तीन क्रियांत धूळ सर्वाधिक उडते. पाच मायक्रॉनांहून लांब, तीन मायक्रॉनांहून बारीक आणि रुंदीच्या निदान तिप्पट लांबीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पातळ पडद्याच्या गाळणीतून हवा ओढून त्यावर बसलेले तंतू मोजण्याच्या पद्धतीला मेंब्रेन फिल्टर चाचणी म्हणतात. डोळ्यांना जी धूळ दिसते ती तुलनेने कमी घातक. जी दिसत नाही तीच खोल फुप्फुसात जाऊन बसते. तेथे हळूहळू व्रणाप्रमाणे कठीण पेशीजाल तयार होते, श्वास अपुरा पडू लागतो, जिना चढवेनासा होतो. धुळीपासून दूर झाल्यावरही हा विकार वाढू शकतो. त्यावर उपाय नाही. मुंबईसारख्या शहरात खोकणाऱ्या, धाप लागणाऱ्या, वजन उतरलेल्या कामगाराकडे पाहून प्रथम क्षयाची आठवण व्हावी हे स्वाभाविक होते. ॲस्बेस्टोसिस क्षयाच्या किंवा जुनाट श्वासनलिकादाहाच्या नावाखाली दडून राहिला तो असा.

भारतीय संस्थांची उभारणी याच सुमारास झाली. १९४५ मध्ये केंद्र सरकारने कारखानाविषयक मुख्य सल्लागाराचे कार्यालय निर्माण केले. कारखाना-तपासणीच्या १९४७ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९४९ मध्ये मान्यता दिली. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेची वास्तू १९६६ मध्ये कार्यान्वित झाली आणि त्याच वर्षी ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस पुढे सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. अपघातांची गणना कशी करावी याविषयी आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने १९६२ मध्ये ठराव केला होता. कामाचे इतके लक्ष तास, त्यांत काम बुडविणाऱ्या इतक्या दुखापती, असा अपघातांच्या वारंवारतेचा दर काढण्याची रीत भारतीय मानक संस्थेनेही प्रमाणित केली, आणि कारखान्यांच्या फाटकांवर त्यानुसार फलक झळकू लागले.

या रीतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दाबयंत्राखाली बोटे जाण्याचे प्रमाण घटविण्यात, यंत्रांना जाळ्या बसविण्यात, तिचा उपयोग झाला. परंतु तिची रचनाच अशी की, तीत आकस्मिक घटनेलाच स्थान आहे. घाटकोपरच्या धुळीत वीस वर्षे काम केलेल्या माणसाने एकही दिवस दुखापतीमुळे बुडविलेला नसतो. तो शून्य अपघातांच्या रकान्यात बसतो. ज्या कारखान्याचा फलक निष्कलंक, त्याच कारखान्यातील निवृत्तांची फुप्फुसे कठीण झालेली, ही विसंगती त्या मानकाच्या अंतर्यामीच होती.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने विचाराची दिशा बदलली. १९८७ मध्ये १९४८ च्या कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले : धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे, सुरक्षा समित्यांत त्यांना समान स्थान देणे आणि धोक्याची सूचना देण्याचा त्यांचा हक्क मान्य करणे. तत्पूर्वी एक वर्ष, जून १९८६ मध्ये, जिनिव्हा येथे ॲस्बेस्टॉसविषयक स्वतंत्र करार झाला होता. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. तरीही तो करार भारतात आला, आणि तो आला न्यायालयाच्या द्वारे. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निर्णय दिला की, कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. मेंब्रेन फिल्टर चाचणी सर्व ॲस्बेस्टॉस कारखान्यांत करावी, कामगारांचा विमा असावा, आणि धुळीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांच्या अनुरोधाने दर दहा वर्षांनी व कामगार संघटनेच्या शिफारशी येतील तसतशी तपासावी, असे आदेश दिले गेले. संसदेने न स्वीकारलेला करार अशा रीतीने आदेशाच्या भाषेत उतरला.

या आदेशांतील सर्वांत दूरदर्शी कलम वरवर पाहता अगदी रुक्ष आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. अपघातांच्या दरात जे बसत नव्हते त्याला येथे प्रथमच जागा मिळाली. रोगाला लागणारा काळ हाच नोंदीचा काळ ठरला. १८८४ च्या अर्जातील मागणीशी या कलमाचे नाते जुळते. मात्र तेथे अधू झालेल्या हाताचा विचार होता, येथे न दिसणाऱ्या इजेचा.

परंतु नोंद ठेवणारा कोण, हा प्रश्न या आदेशानेही पूर्णपणे सुटला नाही. घाटकोपरचा कारखाना तोवर हिंदुस्थान कॉम्पोझिट्स या नावाने ओळखला जाऊ लागला होता. मुंबईतील कामगार संघटना व काही डॉक्टर यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या व्यवसायजन्य आरोग्य व सुरक्षा केंद्राने तेथील कायम कामगारांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टोसिसचा विकार असल्याचे त्यात नमूद आहे. देशात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार अंदाजे एक लाख, आणि भरपाई मिळालेले तीसांहूनही कमी, असेही या पाहणीच्या लेखकांनी लिहिले. त्यांचा आक्षेप असा की, व्यवस्थापनांच्या खर्चाने होणाऱ्या पाहण्यांत रोगाचा दाखला दिला जात नाही, डॉक्टरांना या रोगांचे शिक्षण नसते, आणि निदान क्षय वा श्वासनलिकादाह असे केले जाते.

मेरेवेदर व प्राइस यांच्या आकड्याशी घाटकोपरचा आकडा ताडून पाहण्याचा मोह होतो. दोन्ही पाहण्यांतील कामगार, सेवाकाल व निदानाच्या कसोट्या भिन्न असल्यामुळे काटेकोर तुलना करणे योग्य नव्हे. तरीही पंचाहत्तर वर्षांच्या अंतराने, त्याच कंपनी-परिवारातून आलेल्या धंद्यात, प्रमाण पुन्हा पाचांत एकाच्या वरच राहावे, एवढ्यावरून ज्ञानाच्या अभावाचे कारण पुढे करणे कठीण होते. अभाव होता तो स्वतंत्र तपासणीचा. निधुलिरोगांची क्ष-किरण छायाचित्रे कशी वाचावीत याचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९५० पासून उपलब्ध होते. नमुन्याच्या छायाचित्रांशी रोग्याचे छायाचित्र ताडावयाचे, इतकी ती सुटसुटीत रीत आहे. अशा मानकाचा एक गुण असा की, ते कोणाच्याही हाती चालते. मालकाच्या डॉक्टरला जे दिसावयास हवे तेच संघटनेच्या डॉक्टरलाही दिसते.

व्यवस्थापनाची म्हणून जी मानके पुढे आली त्यांचा इतिहास निराळा आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सुरक्षा-व्यवस्थापनाचे मानक करावे की नाही, यावर १९९६ मध्ये जिनिव्हा येथे चर्चा होऊन तो बेत सोडण्यात आला. जेथे मालक, कामगार व सरकार हे तिघे एकत्र बसतात त्या कामगार संघटनेचेच हे काम, असे मत पडले. पण मानकांचा बाजार थांबला नाही. ब्रिटनचे बीएस ८८०० त्याच वर्षी आले, १९९९ मध्ये ओसास १८००१, आणि २००० मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८००१. कामगार संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे २००१ साली दिली. अखेर १२ मार्च २०१८ रोजी आयएसओ ४५००१ प्रसिद्ध झाले. त्यात कामगार या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणारा कोणीही, मग तो कंत्राटदाराचा माणूस असला तरी, तीत येतो, आणि त्याचा विचार घेतल्याखेरीज व्यवस्था पूर्ण मानली जात नाही. व्याख्येपुरते पाहता हे मानक कायद्याच्या पुढे आहे. परंतु ते ऐच्छिक आहे, आणि प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्याचे शुल्क ज्याची तपासणी व्हावयाची तोच देतो. परदेशी ग्राहक असलेल्या कारखान्यास ते परवडते व उपयोगीही पडते.

मानक ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय अंधेरीस मरोळ येथे आहे. तेथून साकीनाक्याचा खैरानी रोड दूर नाही. आयएसओ ४५००१ प्रसिद्ध होण्याच्या तीन महिने आधी, १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे, त्या रस्त्यावरील फरसाण बनविणाऱ्या एका गाळ्यास आग लागून बारा कामगार मृत्यू पावले. काम करण्याची जागा आणि झोपण्याची जागा एकच होती. पुढच्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी मरोळच्या कामगार विमा रुग्णालयास आग लागली आणि रुग्णांचे प्राण गेले. या घटना ॲस्बेस्टॉसच्या नव्हेत, हे खरे. परंतु उपनगरांतील श्रमाचा केवढा भाग गाळ्यांत, पोटमाळ्यांवर, कोणत्याही हजेरीपटाविना चालतो, याची कल्पना त्यांवरून येते. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या, दुतर्फा असलेल्या मोठ्या कारखान्यांपैकी बहुतेक बंद पडले किंवा दूर गेले. त्यांच्या जागी मॉल व निवासी मनोरे आले. जे छोटे काम मागे राहिले ते मोजणीच्या आकड्याखालचे आहे.

तो आकडा आता पुन्हा वर गेला आहे. २०२० च्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेने, जिचा अंमल नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. कारखाना ठरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस आणि विजेविना चाळीस कामगार लागतात. दहा कामगारांच्या आस्थापनेवर मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये तिने बंधनकारक केली आहेत, आणि ठरावीक कामगारांना दरवर्षी विनामूल्य आरोग्यतपासणीचा हक्कही दिला आहे. तरी कारखान्याची व्याख्या मात्र १९२२ च्या आकड्यापाशी परत गेली. इकडे जिनिव्हाच्या परिषदेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे मूलभूत तत्त्व म्हणून घोषित केले. त्याला आधारभूत असलेल्या १९८१ च्या करारास भारताची मान्यता नसली, तरी सभासद या नात्याने त्या तत्त्वाचा आदर करण्याचे बंधन त्याच्यावर आहे.

१९९५ च्या आदेशाची मुदत अद्याप चालूच आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात १९९० साली भरती झालेल्या कामगाराची आरोग्यनोंद निदान २०३० पर्यंत ठेवणे प्राप्त आहे. तो २०२० मध्ये निवृत्त झाला असल्यास २०३५ पर्यंत. हिंदुस्थान कॉम्पोझिट्सचे उत्पादन आता पैठण व भंडारा येथे चालते. घाटकोपर, मुलुंड, भांडुप येथील चाळींत राहणाऱ्या जुन्या कामगारांस मात्र दाखल्यासाठी लागतात ती जुनी क्ष-किरण छायाचित्रे, श्वासक्षमतेचे आकडे आणि कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले त्याचा लेखी पुरावा.